जुनी लाकडी ड्रिफ्ट बोट: डागडुजी, नवं बूड की नवीच होडी?

अमेरिकेतल्या ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात राहत असाल आणि मासेमारीचा नाद असेल, तर कधी ना कधी जुनी लाकडी ड्रिफ्ट बोट, म्हणजे वेगवान नदीत प्रवाहाबरोबर उतरायची वल्ह्यांची होडी, समोर येतेच. कुणाच्या तरी शेडमागे ताडपत्रीखाली पडलेली, दोन्ही टोकं वर उचललेली, बाजू बाहेर कललेल्या. मालक म्हणतो, ट्रेलर, वल्ही, नांगर सगळं घेऊन जा, काय द्यायचं ते द्या. इथून पुढे झोप उडते. घ्यावी का? घेतली तर नुसती डागडुजी करावी, बूड बदलावं, की तिच्या मापावरून नवीच बांधावी? की हा खटाटोप सोडून सरळ अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी?

माझं मत आधीच सांगून टाकतो. या होडीची किंमत तिच्या आकारात आहे, फळ्यांत नाही. म्हणून बूड बदलायची वेळ आली तर हात आखडू नये. बाजू धड असतील तर मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मॅकेन्झी नदी कॅस्केड पर्वतातल्या क्लिअर लेकमधून निघते आणि युजीनजवळ विलामेटला मिळते. पाणी थंड आणि वेगवान, तळाशी लाव्हाचे खडक. माशांसाठी गिऱ्हाइकांना घेऊन जाणाऱ्या इथल्या गाइड मंडळींनी आणि त्यांच्या होड्या बांधणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा आकार घडवला. आधी फळ्यांच्या जड होड्या होत्या. मग प्लायवूड आलं आणि युजीनचा टॉम कारहस, त्यानंतर वुडी हिंडमन, लीबर्गचा कीथ स्टील अशा बांधणाऱ्यांच्या हातून ती हलकी, चपळ होत गेली. १९६०च्या दशकात नदीसफरी काढणाऱ्या मार्टिन लिटनने हाच आकार वरून डेक घालून ग्रँड कॅन्यनच्या लाटांत उतरवला. आज बाजारात मिळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या आणि फायबरग्लासच्या ड्रिफ्ट बोटीही त्याच घराण्यातल्या आहेत.

आकाराचं गमक बुडात आहे. बूड रुंदीत सपाट असतं, पण लांबीत धनुष्यासारखं वाकलेलं. त्याला रॉकर म्हणतात. वल्हेकरी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्ही स्वतःकडे ओढत प्रवाहाच्या उलट जोर लावतो. त्यामुळे होडी पाण्यापेक्षा हळू जाते, आणि तिरकी धरली की खडकाच्या आधी बाजूला सरकते. पाण्यात खोल बसतो तो फक्त मधला भाग, म्हणून ती जागच्या जागी वळते. खडकावर पहिल्यांदा घासतो तोही तोच, वल्हेकऱ्याच्या पायाखालचा. म्हणजे बूड हा या होडीचा झिजायचाच भाग आहे, आणि ते कधीतरी बदलणं हे बांधणाऱ्यांनीही गृहीत धरलं असणार.

कोकणातला अनुभव इथे कुठे चकवतो

मालवण-देवगडकडे होड्या बघत वाढलेल्यांनी दोन गोष्टी बाजूला ठेवायला हव्यात. फळ्यांची होडी उन्हात सुकली की गळते, पाण्यात ठेवली की फळ्या फुगतात आणि फटी मिटतात. सुरुवातीला थोडी गळली म्हणून तिथे कुणी घाबरत नाही. प्लायवूडचे थर मात्र एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. ते तसं फुगत नाही. प्लायची होडी गळत असेल तर एकतर सांधा सुटलाय किंवा लाकूड कुजलंय, आणि वाट बघून दोन्ही बरं होत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. समुद्रात लाकडाला पोखरणारी कीड हा मोठा शत्रू. कुजवणारी बुरशी मिठामुळे बरीच दबून राहते. नदीत ती कीड नाही, पण गोड्या पाण्यात बुरशीला मोकळं रान. त्यातही नदीच्या पाण्यापेक्षा पावसाचं पाणी जास्त घातक. नदीतून बाहेर काढली की होडी निथळते, सुकते. अंगणात फाटक्या ताडपत्रीखाली मात्र नोव्हेंबर ते एप्रिल तिच्यात पाणी साचतं आणि वाळायला वारा मिळत नाही. त्यामुळे खूप नद्या फिरलेल्या होडीपेक्षा बरीच वर्षं नुसती पडून राहिलेली होडी बहुतेकदा वाईट निघते. विकणारा 'फारशी वापरलीच नाही' म्हणाला, तर मी दुप्पट सावध होतो.

आधी टोच्या, मग पैसे

खिशात टोच्या किंवा जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. बूड आणि बाजू जिथे मिळतात तिथे आतून एक लांब पट्टी धावते, तिला चाइन म्हणतात. संपूर्ण लांबीभर तिच्यात टोचून बघा. मग मागच्या आडव्या फळीचा खालचा कोपरा, पुढच्या टोकाच्या खांबाचं खालचं टोक, आणि प्रत्येक बरगडी जिथे बुडाला टेकते ती जागा. पायाखालच्या फळ्या उचलता येत असतील तर उचला. उचलू देत नसतील तर तिथेच समजून जा. लाकडावर बोटाच्या पेराने ठोकलं तर धड जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. ओलाव्याचं मीटर मिळालं तर उत्तम: २० टक्क्यांच्या खाली असलेल्या लाकडात बुरशी वाढत नाही.

रंग जुना असेल तर घासण्याआधी त्यात शिसं आहे का ते तपासा. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८मध्ये बंदी आली. होडी त्याआधीची असेल तर कोरडं सँडिंग नकोच.

आणि कुठे बांधणाऱ्याची खूण सापडली, कारहसची, हिंडमनची, स्टीलची, तर काहीही कापू नका. फोटो काढा, सगळी मापं घ्या आणि आधी जाणकाराला दाखवा. अशा होडीला या आढाव्यातले निकष लागू नाहीत.

डागडुजी की नवं बूड

चाइन धड आहे, कुज एखाद-दोन जागी ओंजळीएवढी आहे, बुडाचा वरचा थर फक्त झिजलाय, अशी स्थिती असेल तर डागडुजी पुरते. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढायचा आणि तिरप्या सांध्याने नवा तुकडा बसवायचा. सांध्याची लांबी जाडीच्या आठपट: ९ मिलिमीटर प्लायला ७२, १२ मिलिमीटरला ९६. लोक इथेच कंजुषी करतात आणि सांधा पुढे तिथेच उघडतो. कुजलेल्या लाकडात पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारी राळ) ओतून ते 'पुन्हा दगडासारखं' करण्याच्या बाटल्या मिळतात. वरच्या काठपट्टीच्या एखाद्या मऊ कोपऱ्याला चालतील. चाइनला किंवा बरगडीच्या टोकाला नाही, कारण ते वरवर मुरतं आणि आतलं लाकूड मेलेलंच राहतं.

चाइन अर्ध्याहून जास्त लांबीत मऊ असेल, किंवा बुडाचे थर एकमेकांपासून सुटत असतील, तर ठिगळं लावत बसू नका. नवं बूड घाला. हे काम ऐकायला मोठं वाटतं, पण जुन्या होडीवरचं सगळ्यात सरळ काम हेच आहे. होडी पालथी घालायची, जुनं बूड शक्य तितकं अखंड काढायचं, म्हणजे तेच नव्याचा साचा होतं. प्लायचे ४ बाय ८ फुटांचे दोन ताव टोकाला टोक तिरप्या सांध्याने जोडले की साधारण सोळा फुटी होडीचं बूड निघतं. धोका एकच, पण खरा: बूड आणि चाइन निघाली की बाजू ताणमुक्त होऊन पसरतात. म्हणून काढण्याआधी काठावर आडव्या पट्ट्या ठोकून रुंदी बांधून ठेवायची, आणि बरगड्या बदलायच्याच असतील तर एकावेळी एकच. सगळ्या एकदम काढल्या तर ज्या आकारासाठी होडी घेतली तोच हातातून जाईल.

प्लाय कोणतं? जुन्या होड्यांत डग्लस फर होतं. कडक आणि इथे सहज मिळणारं, पण त्याच्या पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात आणि नुसत्या रंगाने किंवा इपॉक्सीने त्या थांबत नाहीत. वर फायबरग्लासचं कापड लागतंच. बीएस १०८८ (सागरी प्लायवूडचं ब्रिटिश मानक) दर्जाचं मेरांटी हे आशियाई लाकडाचं प्लाय चिरत नाही, टिकतं, थोडं जड. ओकुमे या आफ्रिकी लाकडाचं प्लाय हलकं आणि देखणं, पण कुजायला लवकर. बुडाला मी मेरांटी घालीन. नव्या होडीच्या बाजूंना ओकुमे चालेल, होडी कायम छपराखाली राहणार असेल तर.

स्क्रू सिलिकॉन ब्राँझचेच. हार्डवेअरच्या दुकानातले साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि भोवतालचं लाकूडही खातात. स्टेनलेस स्टीलवर भरवसा ठेवावासा वाटतो, पण ओल्या लाकडात हवा न मिळता ते अडकलं की त्यालाही खड्डे पडतात.

तेल की इपॉक्सी

हा वाद इथे धर्मयुद्धासारखा चालतो. उत्तर एका साध्या गोष्टीवर ठरतं: तेल मुरलेल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही. आज तेल लावलं तर इपॉक्सीचा रस्ता जवळजवळ बंद. म्हणून बुडाचा निर्णय आधी घ्यायचा.

बुडाच्या बाहेरून कापड आणि इपॉक्सी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खडक तिथेच घासतात. शेवटच्या थरात ग्रॅफाइटची पूड मिसळली की बूड निसरडं होतं आणि खडकावरून सरकतं. काहीजण बुडाखाली जाड प्लास्टिकचा पत्रा स्क्रूने बसवतात. तो सुंदर सरकतो, पण पत्रा आणि लाकूड यांच्या मधे पाणी शिरलं की ते बाहेर निघत नाही, आणि आत काय चाललंय ते तुम्हाला दिसतही नाही. कुणीतरी आधीच पॉलिएस्टर रेझिनने कापड चढवलेली होडी असेल तर ते कापड बहुधा कुठेतरी सुटलेलं असतंच. लाकडाशी ते इपॉक्सीइतकं धरत नाही. हीट गनने सोलून काढा, खालचं लाकूड बघा, मगच पुढचं बोला.

आतल्या बाजूला आणि जुन्या बाजूंना मात्र मी तेलाच्या पक्षाचा. उकळलेलं जवसाचं तेल, टर्पेंटाइन आणि थोडं पाइन टार (पाइनच्या लाकडापासून काढलेलं डांबर). जुन्या लाकडात ओलावा कुठून ना कुठून शिरतोच. दोन्हीकडून इपॉक्सीने बंद केलं की तो आत कोंडला जातो. तेलाखालचं लाकूड ओलं होतं आणि वाळतंही. किंमत म्हणजे दरवर्षी पुन्हा हात फिरवायचा. नवं प्लाय असेल तर गणित उलटं: जोडण्याआधी प्रत्येक तुकडा सगळीकडून, कडांसकट, इपॉक्सीने बंद करता येतो, आणि मग ते टिकतं. फक्त इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वर व्हार्निश किंवा रंग हवाच.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेटतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नवी बांधणं

किट किंवा नकाशावरून नवी बांधायला जुनी नीट दुरुस्त करण्यापेक्षा कमी तास लागतात. हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. पण जुन्या होडीत अर्धा वेळ काढण्यात, खरवडण्यात आणि आत आणखी काय निघतंय ते बघण्यात जातो. बाजू चिरफाळलेल्या असतील, निम्म्या बरगड्या गेल्या असतील, तर नवीच बांधा आणि जुनीची मापं वापरा. शिवाय जुनीच्या धड बरगड्या फेकू नका. त्या पोर्ट ऑर्फर्ड सीडरच्या असू शकतात; रंधा मारल्यावर आल्यासारखा तिखट वास आला तर नक्कीच. हे झाड फक्त नैर्ऋत्य ओरेगन आणि लगतच्या उत्तर कॅलिफोर्नियात होतं, मुळांच्या रोगाने ग्रासलंय, आणि कुजायला अतिशय चिवट आहे. नव्या होडीत त्या बरगड्या पुन्हा बसवता येतात. वल्ही, वल्ह्यांच्या कड्या आणि ट्रेलरही जुन्याच व्यवहारातून आलेले असतात, आणि या तीन गोष्टी नव्या घ्यायच्या म्हटलं तर खिसा चांगलाच हलका होतो. त्यामुळे होडी गेलेली असली तरी सौदा वाया जात नाही.

लाकूड नकोच अशांसाठी

छपराची जागा नसेल तर लाकडी होडी घेऊ नका. भाड्याच्या घरात, ड्राइव्हवेवर, ताडपत्रीच्या भरवशावर ती दोन-तीन पावसाळ्यांत परत होती तिथे जाते. अ‍ॅल्युमिनियम बाहेर राहू शकतं, पोचे सोसतं, पण खडकावर चिकटतं, आवाज करतं आणि जानेवारीत स्टीलहेड (समुद्रातून नदीत परतणारा ट्राउट मासा) धरायला गेलात की पाय गोठवतं. फाटलं तर वेल्डर शोधावा लागतो. फायबरग्लास सगळ्यात छान सरकतं आणि गप्प असतं. वर्षातून मोजक्याच वेळा नदीवर जाणार असाल आणि सुतारकामाची हौस नसेल, तर वापरलेली फायबरग्लासची घ्या.

घेतलीच जुनी लाकडी, तर कॅलेंडर बघा. कोकणात होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून दुरुस्तीला घेतात. इथे उलट, जुलै ते सप्टेंबर हेच कामाचे महिने. इपॉक्सीला ऊब लागते आणि लाकडाचा ओलावा १५ टक्क्यांखाली यावा लागतो. ऑगस्ट संपत आला असेल तर यंदा फक्त रंग खरवडा, कुजलेलं कापून काढा, होडी छपराखाली पालथी ठेवून हिवाळाभर सुकू द्या. बुडाचं प्लाय पुढच्या जूनमध्ये आणा.