उंट की कांगारू उंदीर?

वाळवंटातील जीवनावरील प्रकल्पासाठी उंट निवडावा की उत्तर अमेरिकेतील कांगारू उंदीर, असा पेच पडला असेल, तर दोघांना पाणी आणि उष्णता या दोनच कसोट्या लावून पाहाव्यात.

उंट पाण्याची टंचाई सोसतो: शरीराच्या वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश इतके पाणी घटले तरी तो चालत राहतो आणि पाणवठा मिळताच काही मिनिटांत 100 लिटरपर्यंत पाणी पितो. वशिंडात मात्र पाणी नव्हे, चरबी असते; हा गैरसमज फारच चिवट आहे. कांगारू उंदराला पाणवठ्याची गरज सहसा पडतच नाही, कारण कोरड्या बिया पचल्यानंतर शरीरातच तयार होणारे पाणी त्याला पुरते. त्याचे मूत्र अतिशय दाट असते आणि उच्छ्वासातील वाफही नाकाच्या थंड पोकळीत निवून बरीचशी आतच राहते. खरी करामत, माझ्या मते, हीच.

उष्णतेचे म्हणाल, तर उंदीर दिवसभर बिळात दडतो. ती सोय नसलेला उंट शरीराचे तापमान 34 पासून 40 अंश सेल्सिअसपर्यंत चढू देतो आणि घाम वाचवतो.

सहनशक्ती दाखवायची असेल तर उंट घ्यावा. मूत्रपिंडाचे कार्य आणि पाण्याची काटकसर समजावून सांगायची असेल, तर उंदीर अधिक उपयोगी पडेल.