वूड-वूल बोर्ड आणि फेल्ट पॅनेल: मिसळीच्या हॉटेलातील सहा महिन्यांचा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या मिसळीच्या हॉटेलात रविवारी सकाळी समोरासमोर बसलेल्यांनाही ओरडून बोलावे लागत असे, आणि त्या ओरडण्याने गोंगाट आणखी चढत असे. दालन १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच असून खाली विट्रिफाइड टाइल्स, वर पीओपी आणि दर्शनी बाजूस काच होती. म्हणजे आवाज शोषून घेईल असे त्यात काहीच नव्हते.

इंटिरिअरचे काम घेणाऱ्यांनी प्रथम चारकोल लूव्हर्स (भिंतीवर लावायच्या उभ्या खाचांच्या तयार पट्ट्या) सुचवले. भिंतीवर ते देखणे दिसतात आणि दुकानात ‘अकूस्टिक’, म्हणजे आवाज शोषणारे, म्हणून दाखवलेही जातात. परंतु त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत व बंद असल्याने आवाज थोडाफार विखुरतो, शोषला मात्र फारसा जात नाही. नमुना ओठांशी धरून फुंकर मारावी, हवा आत शिरत नसेल तर तो तुकडा शोभेचा समजावा, ही साधी कसोटी मला तेव्हा सुचली आणि दुकानदारासमोरच करून पाहिल्यावर त्यांनी दुसरे नमुने काढले.

बंद जागेत आवाज किती सेकंद घुमत राहतो हे काढण्यासाठी अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ नंतर हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात प्रयोग करून मांडलेले सूत्र आजही उपयोगी पडते: दालनाचे घनमीटर गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचे चौरस मीटर गुणिले त्याची शोषणक्षमता, यांची बेरीज). आमच्या २८० घनमीटर जागेचा हिशेब रिकाम्या स्थितीत सुमारे ५ सेकंद घुमण्याचा निघाला. माणसे व फर्निचर आले की तो कमी होतो, हे खरे. तरीही छताच्या ६० चौरस मीटरवर ०.७ एनआरसीचे (एनआरसी म्हणजे साहित्य किती आवाज शोषते ते दाखवणारा आकडा) साहित्य लावल्यास तो १ सेकंदाच्या आत येतो असे दिसल्यावर पैसे भिंतीपेक्षा छतावर आधी खर्च करायचे ठरले.

छतासाठी २५ मिलिमीटर जाडीचे वूड-वूल बोर्ड घेतले. लाकडाचे लांब तंतू सिमेंटमध्ये बांधून केलेला हा बोर्ड खडबडीत असला तरी पिवळ्या दिव्यांखाली फार छान दिसतो. तो जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) फ्रेमवर, मागे ५० मिलिमीटर पोकळी ठेवून आणि त्यात ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) भरून बसवला. माहितीपत्रकावरील एनआरसीचा आकडा याच बांधणीचा होता, आणि दुकानदार नेमके हेच सांगत नाहीत. एनआरसी ही २५० ते २००० हर्ट्झमधील चार कंप्रतांवरच्या शोषणाची सरासरी. ती मोजताना बोर्डामागे काय होते हे विचारल्याखेरीज दोन उत्पादनांची तुलना करण्यात अर्थ नाही. बोर्ड कापताना उडणारा भुसा मात्र त्रासदायक ठरला, तेव्हा हे काम हॉटेल सुरू करण्यापूर्वीच उरकावे.

भिंतींवरील ९ मिलिमीटरच्या पॉलिस्टर फेल्ट पॅनेलबाबत माझे मत इतके चांगले नाही. रंग सुंदर आहेत, कटरने हवा तो आकार निघतो. पण सुताराने वेळ वाचवण्यासाठी ती थेट भिंतीला चिकटवली आणि मागची पोकळी गेल्याने खालच्या पट्टीतील आवाजावर त्यांचा परिणाम नगण्य राहिला. दुसऱ्या भिंतीवर पट्ट्या मारून, मागे पोकळी ठेवून ती बसवल्यावर फरक कानाला जाणवला. आगीच्या चाचणीचे प्रमाणपत्र मागितल्यावर ते मिळायला आठ दिवस लागले. ते हाती येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.

वरच्या मजल्यावरील कार्यालयाची तक्रार या सगळ्याने मिटलेली नाही, आणि ती मिटणारही नव्हती. शोषणारे साहित्य खोलीतील घुमणे कमी करते. स्लॅबमधून वर जाणारी एक्झॉस्टची घरघर अडवायची तर पंखा रबरी माउंटवर घ्यावा लागतो, ते काम आता सुरू आहे.

सहा महिन्यांनंतर छत जसेच्या तसे आहे. स्वयंपाकघराच्या दाराजवळील दोन फेल्ट पॅनेलांनी मात्र तर्रीचा तेलकट वास धरला असून तो ओल्या फडक्याने पुसूनही जात नाही. तेथील पॅनेल काढून पुन्हा टाइल्सच लावणार आहे.