गूढकवितांची स्पर्धा: गुणांचे रकाने भरावेत की परीक्षकांनी बैठक घालावी?

पावसावरच्या, आईवरच्या, मराठी भाषा दिनाच्या काव्यस्पर्धा नागपुरात कुठे ना कुठे चालूच असतात, आणि त्यांचं परीक्षण कसं करायचं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण हौशी कवींना लव्हक्राफ्ट, क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ, पो या अमेरिकन लेखकांच्या घराण्यातल्या गूढ-भयाच्या लेखनावरून कविता लिहायला सांगितलं, की तीच सरावाची पद्धत अडखळायला लागते. अशा स्पर्धांना मी दोन्ही तऱ्हांनी बसलो आहे. आधी छापील गुणपत्रकावर आकडे भरत, नंतर एका टेबलाभोवती भांडत. यंदा तुम्हाला परीक्षक म्हणून बोलावणं आलं असेल, किंवा स्पर्धा तुम्हीच भरवणार असाल, तर यातलं काय निवडायचं याचा विचार आत्ताच केलेला बरा. पत्रक छापून झालं की कोणी ऐकत नाही.

गुणपत्रक कसं असतं ते तुम्ही पाहिलेलं आहेच: विषय, आशय, भाषा, छंद-लय, एकूण परिणाम, प्रत्येकी दहा. कविता घरी नेता येतात, रात्री जेवणं आटोपल्यावर सवडीनं वाचता येतात आणि परीक्षकांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही तरी निकाल लागतो. नागपूरच्या मे महिन्यात ही सोय लहान नाही. भर दुपारी धरमपेठेतून महाल भागात बैठकीला या म्हटलं तर कोण येईल? शिवाय निकालानंतरचे फोन. 'सर, माझी कविता का नाही बसली?' या प्रश्नाला आकडा हे उत्तर असतं आणि ते बऱ्याच जणांना पटतं. मुलीच्या कवितेची चौकशी करायला आलेल्या एका वडिलांना बेरीज दाखवल्यावर ते मुकाट्यानं निघून गेलेले मी पाहिले आहेत. बैठकीत ठरलेल्या निकालाला असा कागदी आधार नसतो, आणि आपल्या गावात सगळे सगळ्यांना ओळखत असल्यानं कुजबूज लगेच सुरू होते.

एवढं सगळं जमेला धरूनही माझं मन गुणपत्रकावरून उडालं, त्याचं कारण म्हणजे सात हा आकडा.

परीक्षकाला कवितेबद्दल खास काही वाटलं नाही की तो सात देतो. सहा दिले तर कवी दुखावेल, आठ दिले तर आपण भाबडे ठरू. पावसाच्या कवितांत हे खपून जातं. गूढकवितेत मात्र एक अडचण मुळातच आहे: जी कविता खरोखर अंगावर काटा आणते, ती कोणाला तरी नुसती विचित्रच वाटणार. तीन परीक्षकांनी बऱ्यापैकी जमलेल्या एका कवितेला सात-सात-सात दिले की एकवीस होतात. दुसऱ्या कवितेनं दोघांची झोप उडवली आणि तिसऱ्याला ती कळलीच नाही, तर नऊ, नऊ आणि दोन, म्हणजे वीस. बक्षीस एकवीसला. हा कोणाचा दोष म्हणता येत नाही, बेरजेचा स्वभावच तसा आहे. काही ठिकाणी यावर तोडगा म्हणून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळतात. पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धांत ही रीत आहे. पण गूढकवितेच्या बाबतीत वगळला जाणारा तो वरचा आकडा हीच तर खरी बातमी असते.

एक कविता सांगतो. विषय साधा, महालातल्या एका जुन्या वाड्याचा जिना. खालून मोजला तर पायऱ्या सतरा, वरून मोजला तर अठरा. घरातली माणसं याला सरावलेली, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतात. शेवटी आजी गेल्यावर तिला खाली आणताना खांदेकरी पायऱ्या मोजत उतरतात आणि मोजणी थांबतच नाही. भूत नाही, रक्त नाही, किंकाळी नाही. कविता अष्टाक्षरीत होती, फक्त दर कडव्याचा शेवटचा चरण नऊ अक्षरांचा. आमच्यातल्या एकानं छंदाच्या रकान्यात दहापैकी तीन दिले आणि शेजारी लाल शाईत 'छंददोष' असा शेरा मारला. नियमानं पाहिलं तर बरोबरच होतं ते. कविता दोन-तीन गुणांनी पहिल्या तिघांतून बाहेर गेली.

निकाल लागला, प्रमाणपत्रांवर नावं लिहून झाली. मग कागद आवरताना दुसऱ्या परीक्षकबाई तीच कविता बोटांवर अक्षरं मोजत पुटपुटत होत्या. अचानक थांबल्या. 'हे काय होऊन राहिलं? दर कडव्यात एक अक्षर जास्त आहे न!' मग परत पहिल्यापासून मोजलं. प्रत्येक कडव्यात एक पायरी जास्त. ज्याला आम्ही दोष म्हणून गुण कापले, तीच त्या कवितेची सगळी करामत होती. आयोजकांना विचारलं, तर गुणांच्या याद्या सह्या होऊन बंद झालेल्या. आता बदल नाही. सगळी माणसं समोरासमोर बसलेली, कविता मधोमध टेबलावर, आणि तरी काही करता येत नव्हतं.

ही घटना घडली नसती तर मी कदाचित आजही रकानेच भरत बसलो असतो. बैठक असती तर ते नववं अक्षर तिथंच कोणाच्या तरी लक्षात आलं असतं, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण आलं असतं तर त्याचा काही उपयोग झाला असता.

छंदाला रकाना असूच नये, असं नाही. या परंपरेत छंदाचा मान मोठा आहे. लव्हक्राफ्टनं छत्तीस सुनीतांची मालिका लिहिली, तीही बहुतेक सगळी १९२९ च्या अखेरच्या आणि १९३० च्या पहिल्या काही दिवसांत. पोच्या १८४५ मधल्या त्या प्रसिद्ध कावळ्याच्या कवितेतून ठेका आणि पालुपद काढून घेतलं तर भय किती उरेल कोण जाणे. उलट स्मिथची १९२२ साली पुस्तकात आलेली दीर्घकविता यमकाशिवायच चालते. या तिघांना एकाच रकान्यात मोजायचं म्हणजे कोणावर तरी अन्याय होणारच. भाषेच्या रकान्याची गोष्ट तर बोलायलाच नको. ग्रेस ज्या शहरात राहिले, लिहिते झाले, त्या शहरात 'अर्थाची सुबोधता' असा पोटरकाना असलेलं गुणपत्रक माझ्या हातात आलं होतं. त्यात ग्रेसांना किती पडले असते?

लव्हक्राफ्टनं स्वतः या बाबतीत काय म्हटलंय तेही पाहण्यासारखं आहे. साहित्यातल्या अतींद्रिय भयावरचा त्याचा दीर्घ निबंध १९२७ चा. त्यात तो कसोटी एकच सांगतो: वाचकाच्या मनात खोल भीती आणि अनोळखी जगाचा स्पर्श झाल्याची जाणीव जागी होते की नाही. आणि त्याच्या थोडं आधी म्हणतो की अशा कथेची पारख लेखकाच्या हेतूवरून किंवा कथानकाच्या रचनेवरून करू नये. ती ज्या क्षणी रोजच्या जगापासून सर्वांत दूर जाते, त्या क्षणी भावनेची किती उंची गाठते, ते पाहावं. तो कथांविषयी बोलत होता हे खरं. तरी शिखर मोजा, सरासरी काढू नका, एवढं त्यातून मला कळतं, आणि कवितेला ते जास्तच लागू पडतं असं माझं मत आहे.

'विषय' या रकान्याचा एक उपद्रव वेगळाच. त्यात पैकीच्या पैकी मिळवणं फार सोपं असतं. लव्हक्राफ्टचा क्थुलू हा समुद्रातला राक्षस, त्याची शुंडं, निषिद्ध ग्रंथ, वेडा झालेला प्राध्यापक, हे सगळं एका कवितेत बसवलं की विषयाशी निष्ठा सिद्ध. आमच्याकडे आलेल्या गठ्ठ्यात त्या राक्षसाचं नाव इतक्या तऱ्हांनी लिहिलेलं होतं की एकच स्पर्धक आहे की सहा, असा प्रश्न पडावा. जवळचा समुद्रही शेकडो किलोमीटरवर; अंबाझरी तलावाच्या काठी वाढलेल्या पोराला समुद्राच्या तळाची भीती वाटणार तरी कुठून? याउलट एकीनं मारबतीवर, म्हणजे इडापिडा घेऊन जावी म्हणून आमच्याकडे मिरवणुकीनं काढतात त्या पुतळ्यावर, लिहिलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी निघते, लोक ओरडत असतात, 'घेऊन जा गे मारबत'. खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा. कवितेत ती ओरड चढत जाते आणि मधेच कोणीतरी बोलणारीच्या घराचा नंबर पुकारतं. गर्दी तोही उचलून धरते. मी वाचता वाचता कागद खाली ठेवला. विषयाच्या रकान्यात तिला एकानं चार दिले होते, कारण 'वैश्विक भय नाही', म्हणजे लव्हक्राफ्टसारखं विश्वाच्या अफाटपणाचं भय नाही.

आता बैठकीची बाजू. तीही धुतल्या तांदळासारखी नाही. पहिली अडचण ज्येष्ठांची. टेबलाशी एक मोठं नाव बसलं असेल तर बाकीचे दोघं पोह्यांवरच्या तर्रीकडे बघत माना डोलावतात. दुसरी, ज्याला बोलता येतं त्याची आवडती कविता जिंकते. तिसरी, वेळ. चार वाजता सुरू झालेली आमची एक बैठक संपली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि कूलरमधलं पाणी संपलं होतं.

तरी एकानं कवितेची वकिली करणं हे वाईटच, असं मला वाटत नाही. लव्हक्राफ्टची सर्वांत गाजलेली कथा, तीच ती समुद्रातल्या राक्षसाची, 'वियर्ड टेल्स' या मासिकाच्या फार्न्सवर्थ राइट या संपादकानं आधी परत पाठवली होती. डोनाल्ड वँड्रेई हा लव्हक्राफ्टचा मित्र त्याला जाऊन भेटला, कथेची भलामण केली, आणि लव्हक्राफ्ट ती दुसरीकडे द्यायच्या विचारात आहे अशी थापही मारली. फेब्रुवारी १९२८ च्या अंकात ती छापून आली. राइटनं रकाने भरून सही केली असती तर त्याला मत बदलायला जागा कुठे होती? थाप मारायला मी तुम्हाला सांगत नाही. पण 'मला वाटतं आपण ही पुन्हा वाचावी' असं म्हणायची मुभा असणं हेच बैठकीचं मोल आहे.

बैठक घालणार असाल तर तीन गोष्टी आम्हाला उपयोगी पडल्या. कविता शंभरावर असतील तर आधी चाळणी लागतेच, पण ती बेरजेची नको: तिघांपैकी एकानं जरी ठेवली तरी कविता आत. त्यामुळे नऊ-नऊ-दोनवाली वाचते, आणि दोन-दोन-नऊवालीसुद्धा. दुसरं, तोंड उघडण्याआधी प्रत्येकानं आपल्या आवडत्या पाच कवितांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून उलटे ठेवायचे, आणि बोलायला सर्वांत धाकट्यानं सुरुवात करायची. ज्येष्ठांना हे आधी कळवावं, ते सहसा हसून मान्य करतात. तिसरं, शेवटी उरलेल्या कविता मोठ्यानं वाचाव्यात आणि ज्याला ती कविता आवडलेली नाही त्यानंच वाचावी. आवडलेला माणूस आवाजानं पडझड सावरून घेतो. नावडलेला घेत नाही. त्याच्या कोरड्या आवाजातूनही शेवटची ओळ लागली तर समजावं की ती लागतेच.

शाळेतल्या मुलांची स्पर्धा असेल तर मात्र मी गुणपत्रकाच्या बाजूनं उभा राहीन. तिथं कुठं कमी पडलो हे मुलाला कळणं बक्षिसापेक्षा महत्त्वाचं. देणगी देणाऱ्या संस्थेला हिशेबाचा कागद हवा असेल, किंवा तिन्ही परीक्षक तीन गावांना असतील, तरीही तेच बरं. अशा वेळी निदान छंद आणि विषय हे दोन रकाने काढून टाका, 'एकूण परिणाम'ला निम्मे गुण द्या, आणि तिघांनाही एकेक हुकमाचं पान द्या: बेरीज काहीही होवो, माझी ही एक कविता उत्तेजनार्थ बक्षिसांत येणार. ते पान बहुतेक वेळा वापरलं जाणार नाही, पण पत्रकावर ते छापलेलं असू द्या.

आणि फोन येतीलच. बैठकीनंतर कोणी 'का नाही बसली' म्हणून विचारलं तर आकडा नसतो, तेव्हा आम्ही एक केलं. अंतिम वाचनापर्यंत आलेल्या प्रत्येक कवितेवर दोन ओळींचं टिपण लिहून ठेवलं, त्यातली एक ओळ काय भावलं त्याची. ते टिपण फोनवर वाचून दाखवलं की भांडण तर होत नाहीच, उलट बरेच जण 'जरा सावकाश वाचा, लिहून घेतो' म्हणतात.