माळावरची १ किलोवॉटची पवनचक्की: १४ महिन्यांनंतर

पन्हाळा तालुक्यात माळावर आमची वस्ती आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात तिथं ९ मीटरच्या खांबावर छोटी पवनचक्की बसवली. जोडीला आधीची सोलर पॅनेलं आणि ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या.

आधी वीज. जून ते ऑगस्ट चक्की रात्रंदिवस फिरते, आणि नेमकं तेव्हाच ढगांमुळं सोलर मंदावलेलं असतं. ही जोडी मला मनापासून आवडली. ऑक्टोबरपासून मात्र फारसं काही हाती लागत नाही. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद आठव्या हिश्शावर येते, हे विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं.

खरा त्रास दुरुस्तीचा. ऑगस्टमध्ये वरून घरघर ऐकू येऊ लागली. खांबाला कान लावला तर दळण दळल्यासारखा आवाज. ब्रेक लावून चक्की थांबवली, पण भर पावसावाऱ्यात, चिखलात खांब उतरवायचा कसा? वर्षातला सगळ्यात चांगला वारा १९ दिवस नुसता वाहून गेला. उघडीप मिळाल्यावर चेन पुली लावून सहा जणांनी खांब खाली घेतला. पुढचं झाकण काढलं तर ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं, बेअरिंगच्या गोळ्यांवर तांबेरा. ऑइल सीलची, म्हणजे आसाभोवतीच्या रबरी कड्याची, कड चिरली होती, तिथून पाणी शिरलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अर्ध्या दिवसात बेअरिंग आणि सील बदलून मिळालं. खर्च किरकोळ, महाग पडली ती खांबाची चढउतार.

पात्यांची वारा कापणारी कडही काचपेपरासारखी खरखरीत झाली होती. इपॉक्सी भरून घासली, मग तिन्ही पाती तोलून घेतली. एक जरी जड राहिलं तरी खांब थरथरतो आणि तणाव्यांचे, म्हणजे खांब ताणून धरणाऱ्या तारांचे, बोल्ट सैल पडतात.

साताऱ्याकडं वनकुसवड्याच्या पठारावर मोठ्या चक्क्या आहेत. तसल्या चक्कीचा गिअरबॉक्स गेला की मोठी क्रेन लागते. माझं काम सहा माणसांत भागलं.

आता खांबाच्या बुडाला बिजागरी करून घेतली आहे, दोघांत खाली येतो. यंदा वळवाच्या आधीच उतरवून ग्रीस, सील, तणावे, अर्थिंग सगळं तपासलं. जूनपासून एकही दिवस बंद नाही.

मोकळा माळ असेल आणि सोलर जोडीला असेल तर जरूर घ्या. गावात, घरांच्या नि झाडांच्या आडोशाला घेऊ नका, तिथला वारा गरगर फिरतो आणि चक्कीला झिजवतो. खांब बिजागरीचाच मागा. ऑइल सील मी दोन जादा आणून ठेवली आहेत.