रोमन देवांची ब्राँझ नाणी: आठ महिन्यांनंतर

आधीच सांगते, मी तज्ज्ञ वगैरे नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, मार्चपासून हा नाद लागलाय, आत्ता डब्यात ३१ नाणी आहेत आणि त्यात देव फक्त १२ वर. बाकीची १९ म्हणजे माझा हावरटपणा. सुरुवातीलाच मातीसकट विकतात तो २० नाण्यांचा लॉट घेतला, म्हटलं स्वस्तात देव मिळतील. पाच आठवडे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवली, दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, टूथपिकने हळूहळू माती काढायची, आणि निघालं काय तर भालेवाले सैनिक, छावणीचे दरवाजे, घोड्यावरून पडणारा एक बिचारा. देव म्हणाल तर एकच, रोमन सम्राट लिसिनियसच्या नाण्यावरचा देवांचा राजा ज्युपिटर, पायाशी गरुड. नंतर कळलं की अशा लॉटमध्ये बहुतेक माल चौथ्या शतकातला असतो, आणि इ.स. ३२५ नंतर रोमन नाण्यांवरून जुने देव जवळजवळ गायबच होतात. तेव्हा देव हवे असतील तर सुटं, ओळख पटलेलं नाणं घ्या, लॉटच्या नादी लागू नका.

आता आवडतं नाणं. सम्राट कॉन्स्टंटाइनचं, मागे सूर्यदेव सोल. २२ पौंडांना मिळालं, वजन ३ ग्रॅमच्या आसपास, आकाराने आपल्या जुन्या चार आण्यांएवढं. उजवा हात वर, डाव्या हातात गोळा, डोक्याला किरणांचा मुकुट, खांद्यावरून उपरणं टाकावं तसा झगा, आणि कडेने लॅटिनमध्ये 'अजिंक्य सूर्य, सोबती' अशा अर्थाची अक्षरं. खाली पी एल एन, म्हणजे लंडनच्या टांकसाळीत पाडलेलं! मी दोन तास ट्रेनमध्ये बसून जिथे जाते तिथलंच हे, सतराशे वर्षांपूर्वीचं, त्या दिवशी स्वयंपाक राहिलाच.

झिजलेल्या नाण्यावरचा देव ओळखायला मात्र मला फार वेळ लागला नाही, कारण आपल्याला सवय असते, तोंड बघायचंच नाही, हातात काय आहे ते बघायचं. सुकाणू आणि फळांनी भरलेलं शिंग म्हणजे नशिबाची देवी फॉर्च्युना, सापाला खाऊ घालतेय ती आरोग्याची देवी सालुस, पैशाची थैली आणि साप गुंडाळलेली काठी म्हणजे व्यापाराचा देव मर्क्युरी. त्रिशूळ दिसला की शंकर नाही हं, समुद्राचा देव नेपच्यून. रोमन सेनापती अग्रिप्पाच्या अ‍ॅसवर (हे तांब्याचं रोमन नाणं) तो असतो, एका हातात छोटासा डॉल्फिन घेऊन. त्याचाच ग्रीक भाऊ पोसायडन, त्याची ब्राँझची मूर्ती कोल्हापूरला ब्रह्मपुरीत सापडली होती, टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, लहानपणी मी ती बघितली असणार पण आठवत काही नाही.

तोटे. एक, सम्राट क्लॉडियसचं, बुद्धीची देवी मिनर्व्हावालं अ‍ॅस म्हणून जे घेतलं ते ओतीव, म्हणजे नकली निघालं, भिंगातून कडेला साच्याची शिवण स्पष्ट दिसते. विकणारा आधी गोड बोलत होता, मग उत्तरच देईना, शेवटी निम्मे पैसे आले (ते ३१ मध्ये धरलेलं नाही). दोन, इथली दमट हवा. एका नाण्यावर पिस्त्याच्या रंगाची भुकटी दिसायला लागली, ती पॅटिना (जुन्या धातूवर चढणारा थर) नव्हे, तो ब्राँझचा रोग. क्लोराइड आणि ओलावा मिळून धातू खात जातो. ते लगेच वेगळं काढलं, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि मऊ पीव्हीसीची पाकिटं सगळी फेकली. लिंबू, चिंच, पितांबरी यातलं काही चुकूनही लावू नका, हिरवा-तपकिरी थर गेला की नाण्याची शोभा आणि किंमत दोन्ही जातात. ओळख पटवायला अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा ऑनलाइन कॅटलॉग फुकट आहे, महाग पुस्तकं मी अजून तरी घेतलेली नाहीत.

आईला व्हिडिओ कॉलवर सोल दाखवला तर म्हणाली, "अगं हा तर सूर्यनारायण, पण रथ कुठाय?" मग तीन महिने रथवाला शोधला. सम्राट प्रोबसचं नाणं, इ.स. २७६ ते २८२ मधलं, चांदीचा मुलामा बराचसा उडालेला, पण समोरून येणारा रथ आणि दोन्हीकडे उधळलेले घोडे नीट दिसतात. परवा आईला दाखवलं. तिने चष्मा लावून घोडे मोजले, चार भरले.

"बाकीचे तीन कुठे गेले?" म्हणे.