पीएनआर मिळाला, पण तिकीट कधी निघालेच नव्हते

गेली सहा वर्षे मी बँकॉकमधील एका शाळेत गणित शिकवते. तेथील शाळांचे वर्ष मेच्या मध्यावर सुरू होते, त्यामुळे माझी उन्हाळी सुट्टी मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत असते. मुंबईत माझ्या भाचीची परीक्षा मात्र एप्रिल संपत आल्यावर आटोपते. परिणामी सर्व कुटुंबाला एकत्र प्रवास करण्यासाठी वर्षाकाठी जेमतेम दहा-बारा दिवस मिळतात. २०२५ च्या मे महिन्यातील ते दिवस आम्ही व्हिएतनामसाठी राखून ठेवले होते. वडिलांना मी-सोन येथील चाम राजांची शिवमंदिरे पाहायची होती, आणि त्यांचे वय लक्षात घेता ही सहल पुढे ढकलू नये असे मला मनापासून वाटत होते.

दादरमधील एका टूरवाल्याचे नाव नातेवाइकांकडून कळले. सहा जणांचे विमान, हॉटेल आणि ई-व्हिसा मिळून त्याने ३,९०,००० रुपये सांगितले. मी तेव्हा बँकॉकमध्ये असल्याने बुकिंग भावाच्या नावावर झाले आणि मी त्याला पाठवलेले पैसे त्याच्या खात्यातून गेले. परदेशी सहलीच्या पॅकेजवर त्या वेळी पाच टक्के टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आधीच घेऊन सरकारकडे भरायचा कर, लागत असे. ‘‘दादा, तो वाचवायचा असेल तर रक्कम तीन वेगवेगळ्या खात्यांत भरा, बिल नंतर एकत्र देतो,’’ असे टूरवाल्याने भावाला सुचवले. त्यांपैकी एकही खाते त्याच्या व्यवसायाच्या नावाचे नव्हते. टीसीएस नंतर आयकर विवरणपत्रात दाखवून करात वळता करून घेता येतो. म्हणजे तो वाचवण्यात ग्राहकाचा फारसा लाभ नसतो, उलट व्यवहाराची आयकर खात्याकडे राहणारी नोंद तेवढी नाहीशी होते. हे आम्हाला कळायला हवे होते. परक्या देशात मी कागदांबाबत अत्यंत दक्ष असते: दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनकडे पत्त्याची नोंद करते, आणि सुट्टीत देशाबाहेर पडण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा परवाना घेते, कारण तो नसेल तर बाहेर पडताच तेथील वास्तव्याची मुदत रद्द होते. घरच्या गावात, आपल्या भाषेत बोलणाऱ्या आणि वडिलांना ‘काका’ म्हणणाऱ्या माणसाजवळ मात्र मी एकही कागद मागितला नाही. याची खंत अजून जात नाही.

मार्चअखेरीस तिकिटांची पीडीएफ आली. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर मी पीएनआर व आडनाव टाकून पाहिले, सहाही नावे दिसली, आणि मी निश्चिंत झाले. पुढे दोनदा ‘विमानाची वेळ बदलली’ असे सांगून त्याने नवा पीएनआर पाठवला, तेव्हाही संशय आला नाही.

निघायच्या तीन दिवस आधी आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवावी म्हणून मी विमान कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी तिकीट क्रमांक विचारला. पीडीएफवरील क्रमांक वाचून दाखवताच त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, हा क्रमांक आमचा नाही. या पीएनआरवर तिकीट कधी निघालेच नव्हते. जागा फक्त राखून ठेवल्या होत्या आणि काल त्या सुटल्या.’’

येथे नेमके काय घडते ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. एजंट आरक्षण प्रणालीत प्रवाशांची नावे घालून, तिकिटाचे पैसे न भरता, काही काळ जागा राखून ठेवू शकतो. तेवढ्यावरही सहा अक्षरांकांचा पीएनआर तयार होतो आणि संकेतस्थळावर नावे दिसू लागतात. मुदतीत तिकीट काढले नाही तर प्रणाली त्या जागा आपोआप मोकळ्या करते. आमचा पीएनआर दोनदा बदलला तो यामुळेच. पैसे भरल्यावर निघतो तो तेरा अंकी ई-तिकीट क्रमांक, आणि त्याचे पहिले तीन अंक विमान कंपनीचा संकेतांक असतात: एअर इंडियाचा ०९८, थाई एअरवेजचा २१७. आमच्या पीडीएफवरील पहिले तीन अंक दुसऱ्याच कंपनीचे होते. काही स्वस्त विमानसेवा असा क्रमांक देत नाहीत. तेथे पूर्ण रक्कम जमा झाली आहे का, हे थेट कंपनीलाच विचारावे. काढलेले तिकीटही एजंट नंतर रद्द करून परतावा घेऊ शकतो, म्हणून ही चौकशी एकदा करून भागत नाही, निघण्यापूर्वी पुन्हा करावी लागते. ई-व्हिसाचे कागदही बनावट निघाले; आईच्या आणि भाचीच्या कागदावर एकच क्रमांक छापलेला होता. हा व्हिसा व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळावर एका प्रवेशासाठी २५ अमेरिकी डॉलरमध्ये स्वतः काढता येतो.

त्या संध्याकाळपासून टूरवाल्याचा फोन बंद आहे. भावाने लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. शेवटचा हप्ता चारच दिवसांपूर्वी भरलेला असल्याने त्या खात्यात शिल्लक असलेले ७८,००० रुपये गोठवले गेले; आधीच्या दोन खात्यांत काहीच उरले नव्हते. पोलीस ठाण्यात त्याच माणसाची तक्रार घेऊन आलेले एक निवृत्त जोडपे भेटले, त्यांचा प्रवास आमच्यानंतर आठवड्याने होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही भावाने दाद मागितली आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क पडत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

माझे बँकॉकचे परतीचे तिकीट मी स्वतः विमान कंपनीकडून घेतले होते, म्हणून शाळा उघडण्यापूर्वी पोहोचू शकले. निघताना वडिलांनी मी-सोनविषयी टिपणे काढलेली वही माझ्या बॅगेत ठेवली. ती येथे माझ्या टेबलावर आहे, आणि गोठवलेली रक्कम सोडण्याबाबतचा न्यायालयाचा आदेश अद्याप आलेला नाही.