अमर चित्रकथा की टिंकल?

भाचीला कुठली द्यावी, असं ताई विचारतेय. दोन्ही मुलांची कॉमिक्स, आणि दोन्हींमागे संपादक अनंत पैच. चित्रकथा १९६७ची, टिंकल १९८०चं.

वाचायला टिंकल सोपं. दोन-चार पानांत गोष्ट संपते. चित्रकथेत एकच गोष्ट अंकभर चालते, बैठक लागते. टिकण्यात चित्रकथेचे बांधीव खंड सरस. मासिकाची पानं पिनेपासून सुटतात.

मनात काय राहतं? चित्रकथेतली चित्रं. ‘कृष्ण’ अंकाची चित्रं राम वाईरकरांची, आणि टिंकलमधला भोळा सुप्पांडीही त्यांच्याच हातचा! सुप्पांडी आठवतो तो सांगितलेलं शब्दशः करण्यामुळे. त्याचं एखादं वाक्य घरात वर्षानुवर्षं चालतं.

वाचायचा कंटाळा करत असेल तर टिंकलच दे, ताई. ‘मग पुढे काय झालं?’ विचारणारी असेल, तर चित्रकथा.